छपरावरील भार आणि अग्निशामकांचे ज्ञान : अमेरिकेतील व्यापारी इमारतींच्या आगींचा एक अभ्यास (१९४१–२०१७)

१

जळत्या इमारतीच्या छपरावर चढणारा अग्निशामक कोणत्या ज्ञानाच्या आधारे पाऊल टाकतो, हा प्रश्न वरवर पाहता स्थापत्यशास्त्राचा किंवा अग्निशमनकलेचा वाटतो. प्रस्तुत लेखात तो इतिहासाचा प्रश्न म्हणून विचारात घेतला आहे. छप्पर कशाचे असते, त्यावर काय ठेवलेले असते आणि आग लागल्यावर ते किती वेळ तग धरील, ह्यांविषयीची समजूत प्रत्येक पिढीत निराळी होती. आणि पुष्कळदा ती समजूत प्रत्यक्ष इमारतींच्या मागे एक पिढी राहिली. ह्या अंतराची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागली. हे अंतर का पडले, ते कसे भरून काढण्यात आले आणि कोठे ते अद्याप शिल्लक आहे, एवढाच ह्या लेखाचा विषय होय.

विवेचनासाठी अमेरिकेतील उदाहरणे घेतली आहेत. त्याला दोन कारणे आहेत. प्रचंड क्षेत्रफळाची, एकमजली, हलक्या छपराची दुकाने व गोदामे ह्यांचा प्रसार विसाव्या शतकात तेथे सर्वाधिक झाला. आणि आगीत अग्निशामक मृत्यू पावला असता त्याची चौकशी करून अहवाल सर्वांस उपलब्ध करून देण्याची प्रथा तेथे रुजली. साधने उपलब्ध असल्यामुळे तेथील अनुभव तपासता येतो.

आरंभीच एक शब्दभेद स्पष्ट केला पाहिजे. मराठीत ‘गच्ची’ आणि ‘छप्पर’ हे दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. गच्ची म्हणजे चालण्याफिरण्यासाठी बांधलेली, चुन्याची वा सिमेंट-काँक्रीटची भक्कम सपाट जागा. छप्पर म्हणजे कैच्या आणि तुळया ह्यांवर घातलेले आच्छादन. अमेरिकेतील मोठ्या दुकानांचे वरचे अंग दिसण्यात गच्चीसारखे, पण रचनेने छप्पर असते. वरून सपाट, डांबराच्या थराने झाकलेले, कडेने कठडा असलेले. आणि खाली पोकळीत उघड्या कैच्या. दिसणे आणि असणे ह्यांतील ही फारकत पुढील सर्व घटनांच्या मुळाशी आहे.

२

अग्निशामक छपरावर जातो तो मुख्यतः धूर आणि उष्णता ह्यांना वाट करून देण्यासाठी. बंदिस्त इमारतीत तापलेले वायू वर चढतात, छताखाली साचतात आणि तेथून आडवे पसरतात. छपरास योग्य जागी भगदाड पाडले, तर ते वर निघून जातात आणि आत शिरलेल्या सहकाऱ्यांना दिसू लागते, श्वास घेता येतो. म्हणून अमेरिकेतील नगरांच्या दलांत कुऱ्हाड, आकडी आणि पुढे यांत्रिक करवत घेऊन छपरावर जाणे हे एक स्वतंत्र काम मानले गेले. पाऊल टाकण्यापूर्वी आकडीने छप्पर ठोकून पाहावे, ते लवचिक लागले तर मागे फिरावे, ही शिकवण जुन्यांकडून नव्यांकडे तोंडी चालत आली. भरीव लाकडी तुळयांच्या छपरांसाठी ती उपयुक्त होती. तुळई हळूहळू जळते, वाकते, खचते. म्हणजे कोसळण्यापूर्वी काही इशारा देते.

कैचीचे छप्पर असा इशारा देईलच असे नाही. कैचीत अनेक लहान अवयव त्रिकोणांच्या मांडणीने एकमेकांस जोडलेले असतात आणि प्रत्येकाचे बळ इतरांवर अवलंबून असते. एक सांधा निखळला की सबंध कैची जाते, आणि ती जाताना शेजारच्या कैच्यांनाही ओढते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॉक्टन येथे १० मार्च १९४१ रोजी स्ट्रँड नाट्यगृहाला आग लागली. आत सज्ज्यावर उभे राहून काम करणाऱ्या अग्निशामकांवर छप्पर कोसळले आणि १३ जण मृत्यू पावले. ह्या घटनेचा शोक फार मोठा झाला. परंतु तिच्यातून कैचीविषयीचा सामान्य सिद्धांत काढून तो देशभर शिकविला गेला, असे दिसत नाही. घटना त्या नगराच्या स्मृतीत राहिली, व्यवसायाच्या ज्ञानात उतरली नाही.

पुढील दोन आगींनी छपराकडे लक्ष वेधले, परंतु निराळ्या दिशेने. १२ ऑगस्ट १९५३ रोजी मिशिगनमधील लिव्होनिया येथे जनरल मोटर्स कंपनीचा सुमारे १५ लाख चौरस फुटांचा कारखाना जळाला. पत्र्याच्या छपरावरील डांबर वितळून खाली ठिबकू लागले आणि आग छपरातूनच पुढे सरकत गेली. इमारतीचा विस्तार एवढा होता की मध्यभागापर्यंत पाण्याचा मारा पोचू शकला नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी शिकागोतील मॅकॉर्मिक प्लेस हे प्रदर्शनगृह, उघडून अवघी काही वर्षे झाली असता, भस्मसात झाले. छत उंच असल्याने वरच्या पोलादी कैच्यांना अग्निरोधक आवरण नव्हते. त्या तापल्या व कोसळल्या. साधारणपणे ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तपमानास पोलादाचे बळ निम्म्याच्या आसपास येते, हे तेव्हा अभियंत्यांस ठाऊक होते. ह्या दोन्ही आगींनंतर छपराच्या थरांची परीक्षा, धूर सोडण्याची झडपे, स्वयंचलित पाण्याचे फवारे ह्यांविषयीच्या नियमांत भर पडली. चर्चा मालमत्तेच्या रक्षणाची होती. छपरावर उभा राहणारा मनुष्य तीत गौण होता.

३

ह्याच काळात छपरावर नवे ओझे चढू लागले. आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ १९०२ मध्ये विलिस कॅरिअर ह्याने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी केलेल्या योजनेपासून मानतात. पण दीर्घकाळ ही यंत्रे तळघरात किंवा स्वतंत्र खोलीत असत. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरांत एकमजली बाजारगृहे उभी राहिली, तेव्हा जागेचा हिशेब बदलला. जमिनीवरील प्रत्येक चौरस फूट विक्रीसाठी वापरावयाचा म्हटल्यावर यंत्रास मोकळी जागा उरते ती छपरावर. पंखा, संपीडक आणि तापविण्याची सोय एकाच पेटीत बसविलेली यंत्रे तयार मिळू लागली. क्रेनने उचलून छपरावर ठेवली, खाली भोक पाडून हवेची नळी सोडली, की काम झाले. अशा एका पेटीचे वजन काहीशे किलोपासून काही टनांपर्यंत असते. तिच्याबरोबर विजेच्या तारा येतात, अनेकदा जळाऊ वायूची नळी येते, दाबाखालील शीतकारक द्रव्य येते. भर म्हणून शीतगृहांची उपकरणे, पाण्याच्या टाक्या, जाहिरातींचे सांगाडे आणि पुढील काळात दूरध्वनीचे मनोरे आले.

नेमक्या ह्याच सुमारास छपराची रचना हलकी होत गेली. १९५० नंतरच्या दशकात फ्लॉरिडात दातेरी पत्र्याच्या पट्ट्यांनी जोडलेल्या लाकडी कैच्यांचा उद्योग वाढीस लागला. ह्या पट्ट्यांचे दाते लाकडात फार तर सुमारे एक सेंटीमीटर शिरतात. थंड स्थितीत हा सांधा पूर्णपणे विश्वसनीय असतो. परंतु लाकडाचा पृष्ठभाग तेवढा जळाला की दात्यांना धरावयास काही उरत नाही. अभियंत्याने काढलेला हिशेब चूक नव्हता. तो आग नसलेल्या इमारतीचा हिशेब होता. वर वजन वाढत गेले, खाली आधाराची जाडी घटत गेली, आणि ह्या दोन्ही गोष्टी रस्त्यावरून पाहणाऱ्यास दिसत नव्हत्या. कारण कठड्यामागे यंत्र झाकले जाते आणि खोट्या छतामागे कैची.

४

२ ऑगस्ट १९७८ रोजी सकाळी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील वॉल्डबॉम्स ह्या किराणा बाजारगृहास आग लागली. तेथे दुरुस्तीचे व विस्ताराचे काम चालू होते. छप्पर धनुष्याकृती लाकडी कैच्यांचे होते, आणि त्यावर पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून ठिकठिकाणी दुसरे छप्पर घातलेले होते. दोहोंमधील पोकळीत आग धुमसत राहिली. छपरावर भगदाड पाडण्याचे काम चालू असतानाच त्याचा मोठा भाग कोसळला. वर असलेले अग्निशामक खालच्या ज्वालांत पडले आणि त्यांतील सहा जण मृत्यू पावले. पायाखालचे दुसरे छप्पर घट्ट लागत होते. ठोकून पाहण्याच्या जुन्या शिकवणीने जे कळले असते ते फक्त वरच्या थराविषयी.

दहा वर्षांनी, १ जुलै १९८८ रोजी, न्यू जर्सीतील हॅकेन्सॅक येथे मोटारविक्रीच्या एका इमारतीत पाच अग्निशामक गेले. येथेही धनुष्याकृती लाकडी कैच्याच होत्या. त्यांच्या पोकळीत पोटमाळा करून मोटारींचे सुटे भाग साठविलेले होते. म्हणजे मूळ रचनेत न धरलेला भार कैच्यांवर होता. तिघे कोसळण्याने गेले. दोघे एका हत्यारांच्या खोलीत अडकून बिनतारी यंत्रावरून मदत मागत राहिले आणि त्यांच्यापर्यंत पोचता आले नाही. ह्या प्रसंगानंतर न्यू जर्सी राज्याने कैचीची रचना असलेल्या इमारतींवर दर्शनी भागी त्रिकोणी खूण लावण्याचा नियम केला; मजल्यास कैची असल्यास एक अक्षर, छपरास असल्यास दुसरे, दोन्हींस असल्यास दोन्ही. इमारतीच्या पोटातील गोष्ट रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला वाचता यावी, अशी ही व्यवस्था होय. एवढ्या साध्या उपायासाठी एवढी मोठी किंमत द्यावी लागली, हे नमूद करणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे. परंतु त्या खुणेची मर्यादाही सांगितली पाहिजे. खूण कैची आहे एवढेच सांगते. कैचीवर काय चढविले आहे ते सांगत नाही.

ह्या विषयाचे शास्त्र तोपर्यंत ग्रंथबद्ध झाले नव्हते असे नाही. फ्रान्सिस ब्रॅनिगन ह्यांचा अग्निशमन सेवेसाठी लिहिलेला इमारत-रचनेवरील ग्रंथ १९७१ मध्ये निघाला, आणि कैचीच्या धोक्याचा त्यांनी वर्षानुवर्षे पुकारा केला. न्यूयॉर्क दलातील अधिकारी व्हिन्सेंट डन ह्यांचे जळत्या इमारतींच्या कोसळण्याविषयीचे पुस्तक १९८८ मध्ये, म्हणजे हॅकेन्सॅकच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. म्हणून ‘ज्ञान नव्हते’ हे उत्तर टिकत नाही. ज्ञान होते, पण ते सामान्य स्वरूपाचे होते. समोरच्या ह्या विशिष्ट इमारतीच्या छपरावर काय आहे, हे कोणत्याही ग्रंथात सापडणार नव्हते.

५

हाच मुद्दा पुढील दोन घटनांनी अधिक स्पष्ट होतो. १८ मार्च १९९६ रोजी व्हर्जिनियातील चेसापीक येथे मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात आग लागली. हलक्या लाकडी कैच्यांचे छप्पर आणि त्यावर वातानुकूलन यंत्रे अशी तेथील रचना होती. आत शिरलेल्या दोघांना आरंभी फारशी आग दिसली नाही. ती छतावरील पोकळीत होती. छप्पर कोसळले आणि ते दोघेही मृत्यू पावले. १४ फेब्रुवारी २००० रोजी टेक्ससमधील ह्यूस्टन येथे एका उपाहारगृहाच्या आगीत अशाच प्रकारच्या छपराखाली दोन अग्निशामक गेले. ह्या दोन्ही इमारती सामान्य होत्या. त्यांच्यासारख्या हजारो देशभर होत्या. आणि सामान्यपणामुळेच त्यांच्याविषयी कोणास विशेष चौकशी करावीशी वाटली नव्हती.

वातानुकूलन यंत्राचा भार एका ठिकाणी एकवटलेला असतो, ही बाब येथे निर्णायक ठरते. बर्फाचा किंवा पावसाच्या पाण्याचा भार पसरलेला असतो. यंत्राचा भार दोनचार कैच्यांवर उतरतो. ज्या जागी यंत्र, त्या जागी छपरास भोकही असते आणि हवेची नळी पोकळीतून गेलेली असते. ती नळी धूर इतरत्र वाहून नेते. यंत्र चालूच राहिले तर पंखा आगीला वारा घालतो. म्हणजे भार, छिद्र, वीज, वायू आणि वारा हे पाचही धोके एकाच पेटीभोवती एकत्र येतात. ही पेटी अग्निशामकाच्या डोक्यावर आहे की नाही, हे दाराशी उभे राहून कळत नाही.

१९९८ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यवसाय-सुरक्षा व आरोग्य संस्थेने अग्निशामकांच्या मृत्यूंची स्वतंत्र चौकशी सुरू केली. तिचे अहवाल कोणावर दोष ठेवीत नाहीत. कारणे आणि शिफारशी सांगतात. १९९९ मध्ये इमारती कोसळण्याविषयी आणि २००५ मध्ये विशेषतः कैच्यांविषयी तिने इशारापत्रके काढली. त्यांचा रोख एका गोष्टीवर होता : आग लागण्यापूर्वीच इमारत पाहून ठेवा. छपराचा प्रकार, त्यावरील यंत्रे, नंतर झालेले फेरफार ह्यांची नोंद दलाच्या हाती असली पाहिजे आणि ती आगीच्या वेळी गाडीत उपलब्ध असली पाहिजे. अशा पूर्वनोंदीची पद्धती पुढे राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघाच्या स्वतंत्र मानकाचा विषय झाली.

६

सौर विजेच्या बाबतीत मात्र क्रम काहीसा उलटा झाला, आणि म्हणून ते उदाहरण ह्या इतिहासात महत्त्वाचे आहे. दुकाने व गोदामे ह्यांची विस्तीर्ण छपरे सौर पट्टांनी झाकली जाऊ लागली, तेव्हा प्राणहानीची वाट न पाहता नियम करण्यास आरंभ झाला. कॅलिफोर्नियात २००८ मध्ये अग्निशमन खात्याने मार्गदर्शक सूचना काढल्या : छपराच्या कडेने चालण्याची वाट मोकळी ठेवावी, धूर सोडण्यासाठी जागा राखावी. २०११ मध्ये अंडररायटर्स लॅबोरेटरीज ह्या संस्थेने प्रत्यक्ष प्रयोग करून काही समजुती खोडून काढल्या. मुख्य कळ बंद केली की छप्पर निर्वीज झाले, ही समजूत त्यांत प्रमुख होती. पट्टावर प्रकाश पडत आहे तोवर तो वीज निर्माण करतो; रात्री आगीच्या ठिकाणी लावलेल्या प्रखर दिव्यांच्या उजेडातही धोकादायक दाब उत्पन्न होऊ शकतो; फेस मारून पट्ट झाकण्याचा उपाय भरवशाचा नाही; आणि अर्धवट जळालेला पट्टही वीज देत राहू शकतो.

१ सप्टेंबर २०१३ रोजी न्यू जर्सीतील डेलँको येथे खाद्यपदार्थांच्या एका प्रचंड गोदामास आग लागली. त्याच्या छपरावर सात हजारांहून अधिक सौर पट्ट होते. छपरावर माणसे चढवून भगदाड पाडण्याचा मार्ग अवलंबिण्यात आला नाही. बाहेरूनच पाण्याचा मारा करण्यात आला. इमारत गेली. छपरावरून कोसळून कोणी गेले नाही. येथे जाणिवेचा अर्थ कृतीत उतरलेला दिसतो : मनुष्य वर न पाठविण्याचा निर्णय. वर्तमानपत्रांतून त्या निर्णयाची चर्चा सौर ऊर्जेवरील आक्षेप म्हणून झाली; ह्या लेखाच्या दृष्टीने तो १९७८ पासून साचत आलेल्या अनुभवाचा परिपाक होय. राष्ट्रीय विद्युत संहितेच्या २०१४ च्या आवृत्तीत पट्टांबाहेरील तारांतील दाब झटपट उतरविण्याची अट आली, आणि २०१७ च्या आवृत्तीत ती पट्टांच्या क्षेत्रातील तारांनाही लागू करण्यात आली.

७

ह्या साधनांविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. आपल्यासमोर असलेले बहुतेक लेखन मृत्यूनंतरचे आहे. ज्या ठिकाणी एखाद्या अधिकाऱ्याने छपरावरील यंत्र पाहून माणसे वेळीच मागे घेतली, तेथे चौकशी झाली नाही आणि अहवालही नाही. त्यामुळे अहवालांवरूनच इतिहास लिहिला तर तो अज्ञानाचा इतिहास भासतो. वास्तविक ज्ञान व अज्ञान ही दोन्ही एकाच काळी, कित्येकदा शेजारशेजारच्या दलांत, नांदत होती. यंत्र बसविणाऱ्याला वजन ठाऊक होते. परवाना देणाऱ्या कचेरीत नकाशा होता. दुकानदाराला दुरुस्ती कधी झाली ते माहीत होते. आगीत शिरणाऱ्याला ह्यांपैकी काहीच माहीत नव्हते. ही उणीव व्यक्तीच्या सावधपणाची नसून माहितीच्या वाटपाची आहे.

ह्यावर असा आक्षेप येऊ शकतो की, अनुभवी अग्निशामक धुराचा रंग, आगीला लागून गेलेला वेळ, इमारतीची ठेवण ह्यांवरून धोका ओळखतो, आणि तशी दृष्टी घडविणे हाच खरा उपाय होय. ह्या आक्षेपात तथ्य आहे; पण वॉल्डबॉम्सच्या छपरावर अनुभवाची वाण नव्हती. झाकलेली गोष्ट अनुभवाने दिसत नाही. ती कोणी तरी आधी लिहून ठेवावी लागते.

महाराष्ट्रातील अभ्यासकाला ह्या इतिहासाचा संबंध लागतो तो दोन ठिकाणी. मुंबईतील बहुसंख्य व्यापारी इमारतींना काँक्रीटची गच्ची असते, म्हणून कैची कोसळण्याचा धोका तेथे त्याच रूपात येत नाही. परंतु गच्चीचा उपयोग बदलतो तेव्हा धोकाही बदलतो. २९ डिसेंबर २०१७ रोजी लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचे प्राण गेले. मूळ नकाशात गच्ची असलेली जागा प्रत्यक्षात छप्पर घातलेले सभागृह झाली होती. दुसरे म्हणजे, भिवंडीसारख्या ठिकाणची पत्र्याच्या छपरांची विस्तीर्ण गोदामे रचनेने अमेरिकन गोदामांचीच भावंडे आहेत. मुंबई दलानेही इमारत कोसळण्याने आपली माणसे गमावली आहेत. ९ मे २०१५ रोजी काळबादेवी येथील आगीत त्याचे चार अधिकारी बळी पडले. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये आग-प्रतिबंधक साधने सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यावे लागते. छपरावर नव्याने चढविलेल्या भाराची नोंद अग्निशमन दलाकडे पोचविणे हा मात्र त्याहून वेगळा विषय आहे, आणि त्याचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा.

८

सारांश असा की, १९४१ पासून सुमारे पाऊणशे वर्षांच्या ह्या कालखंडात अग्निशामकांची छपराविषयीची जाणीव तीन अवस्थांतून गेली. पहिल्या अवस्थेत ती हातातील आकडीच्या टोकाशी होती. दुसरीत ती ग्रंथांत व चौकशी-अहवालांत उतरली. तिसरीत ती इमारतीवरील खूण, दलाजवळील नोंद आणि विद्युत संहितेतील कलम ह्यांच्या रूपाने आगीपूर्वीच सिद्ध राहू लागली. दुसरीकडून तिसरीकडे जाण्यास सर्वांत अधिक काळ लागला, कारण तेथे नवे शास्त्र लागत नव्हते. एका कचेरीतील कागद दुसऱ्या कचेरीत पोचविण्याची शिस्त लागत होती. तंत्रविद्येच्या इतिहासात शोधांना जे स्थान मिळते ते अशा नोंदींना मिळत नाही. कैच्यांच्या छपराखाली गेलेल्या माणसांचा विचार करता त्या नोंदींचा इतिहास लिहिणे हे आपल्या विद्याशाखेचे उचित काम ठरेल. नगरपालिकांच्या बांधकाम-परवान्यांची जुनी दप्तरे आणि अग्निशमन दलांच्या दैनंदिन नोंदवह्या शेजारी ठेवून वाचल्या, तर त्या कामास आपल्याकडेही आरंभ करता येईल.